सात डबे आणि बिडाचा ब्लॉक

इंजिनाच्या ब्लॉकवर खडूची पूड पसरून झाल्यावर भीमरावांनी घड्याळ बघितलं आणि दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, असं बजावलं. मैत्रेयीला ते सांगायची गरज नव्हती. ती त्यांची मुलगी, आठवीत शिकणारी, आणि अशा दहा मिनिटांत वडिलांचा चेहरा कसा होतो हे तिला पाठ होतं. सांगायची गरज होती ती जितेश आणि किर्ती या भावंडांना. जितेश सातवीत, किर्ती पाचवीत, दोघं मैत्रेयीच्या शेजारी राहायचे. दिवाळीच्या सुट्टीत सायकलवरून बारवी धरणाकडे जायचा बेत पक्का करायला ते आले होते आणि पुऱ्या कोणी आणायच्या यावरून भीमरावांच्या वेल्डिंगच्या गाळ्याच्या दारातच त्यांची जुंपली होती.

तडा शोधायची ही पद्धत जुनी आहे. वेल्डिंगच्या जागेवर डिझेल फासायचं, ते कोरडं पुसून घ्यायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. नसेल तर पांढरं ते पांढरंच राहतं.

चौथ्या मिनिटाला रेघ उमटली. केसाएवढी बारीक, वेल्डिंगच्या अगदी कडेने, बोटभर लांब. भीमरावांनी चिंधीने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले आणि स्टुलावर बसले. पुऱ्यांचा विषय तिथेच संपला.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्या गल्लीत लोखंड कातणारे लेथवाले होते, ग्राइंडरवाले होते, दार-खिडक्यांच्या जाळ्या करणारे होते. पण बिडाला, म्हणजे इंजिनाचे ब्लॉक ज्याचे ओततात त्या धातूला, वेल्डिंग करणारे एकटे भीमराव. अंबरनाथ-बदलापूरपर्यंत असे आणखी तीन-चार जण होते, आणि ते तीन-चारही आपली अवघड कामं गुपचूप भीमरावांकडेच पाठवून द्यायचे. बीड हा भलताच मानी प्रकार. लोखंड वाकतं, बीड वाकत नाही, सरळ तडकतं. त्याला आधी भट्टीत हळूहळू तापवायचं, एकेक इंच वेल्डिंग करून हातोडीने टिचक्या मारायच्या, आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे थंड होताना त्याला अजिबात घाई करायची नाही. भीमरावांच्या गाळ्यामागे त्यासाठी एक खड्डा होता. बदलापूरच्या वीटभट्ट्यांवरून आणलेली भाताच्या तुसाची राख त्यात काठोकाठ भरलेली. गरम ब्लॉक त्या राखेत पुरायचा, वर पत्रा टाकायचा आणि पूर्ण दोन दिवस तिकडे बघायचंही नाही. वारा लागला, एका अंगाने जरी लवकर गार झाला, की आतल्या आत तडकलाच म्हणून समजा.

अठरा वर्षांत असे तडकलेले ब्लॉक बोटांवर मोजता आले असते. गणपतीनंतरच्या दोन महिन्यांत मात्र हा पाचवा. त्यातही हाच ब्लॉक दुसऱ्यांदा. शेजारच्या गाळ्यातले लेथवाले महेशकाका हे भीमरावांचे जुने दोस्त. त्यांनी फार मायेने सांगितलं होतं की भीमा, तुझे डोळे गेले रे. हे त्यांनी भीमरावांना सांगितलं, आणि त्याच मायेने गल्लीतल्या इतर सगळ्यांनाही सांगितलं. मग भीमराव चष्म्याचा नंबर तपासून आले. नंबर होता तोच निघाला. याचा अर्थ डोळे चांगले आहेत असा घेऊन दुसरा कोणी खूश झाला असता. भीमरावांनी अर्थ काढला की दोष डोळ्यांत नाही, हातात आहे. तेव्हापासून चहाचा कप उचलतानाही ते स्वतःच्या बोटांकडे बघत असत.

"अजून एकदा होईल," ते स्टुलावरूनच म्हणाले. "तिसऱ्यांदा. त्यानंतर नाही. कडेचं बीड कडक होत चाललंय, पुन्हा धरणार नाही. हा झाला की गाळा बंद."

शिरगावच्या एका नव्या सोसायटीत वॉचमनची जागा त्यांनी पक्की केली होती. एक तारखेपासून हजर व्हायचं होतं. त्याआधी सोमवारी आणि मंगळवारी ट्रेनिंग. खाकी कपड्यांचा जोड घरी आला होता आणि तो कपाटात ठेवायला मैत्रेयीची आई तयार नव्हती, म्हणून तो खुंटीवर लटकत होता. वॉचमनचं काम वाईट नाही, जितेशचे मामा तेच करतात. पण माणसाने आपलं काम सोडून जाणं वेगळं, आणि आपण त्या कामाच्या लायक उरलो नाही असं मानून जाणं वेगळं. मैत्रेयीला दुसऱ्या गोष्टीची धास्ती वाटत होती.

आणि ब्लॉक कोणाचा, तर बारवीच्या रस्त्यावरच्या एका पाड्यातल्या जनाबाईंच्या भातगिरणीचा. सासऱ्यांच्या वेळचं डिझेल इंजिन, बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, सुटा भाग कुठेही मिळत नाही. आजूबाजूच्या सहा पाड्यांचं भात त्या एका गिरणीवर. कापणी उरकत आली होती. भीमरावांनी जनाबाईंना शब्द दिला होता.

खड्ड्यातली राख चाळून घेणं हे सुट्टीतलं मैत्रेयीचं काम. राखेत गोळे राहिले की पोकळी राहते आणि पोकळीत हवा. रविवारी सकाळी तिघं मिळून राख चाळत होते. जितेश विनोद करायचा प्रयत्न करत होता आणि कोणी हसत नव्हतं. तेवढ्यात चाळणीत एक गोळा अडकला. राख अशी चिकटत नाही. मैत्रेयीने तो फोडला तर आतून पिवळट, तेलकट. किर्तीने तो सरळ नाकाला लावला.

"फोडणी," ती म्हणाली.

जितेशने तिला वेड्यात काढलं. पण चाळणीत पुढे दोन मोहऱ्या आल्या आणि मग करपलेलं कढीपत्त्याचं पान. भीमराव जेवायला रोज घरी जात. राखेच्या खड्ड्यात फोडणी येणार कुठून? मैत्रेयी ते सगळं तळहातावर घेऊन धावतच वडिलांकडे गेली. भीमरावांनी बघितलं, मांजर-उंदराने काहीतरी ओढून आणलं असेल म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्यावरची आशा बघून त्यांचा आवाज एकदम कडक झाला.

"आपलं काम बिघडलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही, मैतू. गल्लीत कोणाला काही विचारत फिरलीस तर मला चालणार नाही."

झालं. म्हणजे विचारायचंही नाही. तिघं मागच्या ओट्यावर जाऊन बसले. विचार करायला मात्र कोणी मनाई केली नव्हती. जितेशचं डोकं अभ्यासात चालत नाही असं त्याच्या बाईंचं मत होतं. पण कधी काय झालं हे त्याच्या पक्कं लक्षात राहायचं. पहिला ब्लॉक तडकला तो टेम्पोचा, विसर्जनाच्या पुढच्या आठवड्यात. त्या आठवड्यात गल्लीत नवं काय झालं होतं? गटाराचं काम निघालं होतं. आणि गटाराच्या कामात कोपऱ्यावरची चहाची टपरी उठली होती.

टपरीशी ब्लॉकचा काय संबंध, हे तिघांनाही कळेना. शेवटी मैत्रेयीने ठरवलं की उद्या ब्लॉक पुरला की खड्ड्यावर पाळत ठेवायची.

इथे तिची एक चूक झाली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खड्ड्याजवळच बसून राहिलं असतं तर कोणी आलंच नसतं. ब्लॉक वाचला असता. पण मग तो नशिबाने वाचला असं भीमराव म्हणाले असते, आणि गाळा बंदच झाला असता. मैत्रेयीला चोर पकडायचा होता. म्हणून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून बघायचं ठरलं. तिथून मागचं अंगण स्वच्छ दिसत होतं. कोणी आलंच तर वरून ओरडायचं आणि धावत खाली यायचं, हा बेत तिघांनाही उत्तम वाटला.

सोमवारी भीमरावांनी सातलाच भट्टी पेटवली. तड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलने भोकं पाडून झाली होती, म्हणजे तो पुढे पळणार नाही. जुनं वेल्डिंग खरवडून काढताना ड्रिल दोनदा घसरलं. बीड खरंच कडक झालं होतं. मैत्रेयी दाराशी उभी राहून बघत होती. एक इंच वेल्डिंग, मग टिचक्या, मग थांबणं, मग पुढचा इंच. हात कुठे हलत होता? तिला तर तो एकदाही हललेला दिसला नाही. साडेदहाला ब्लॉक राखेत गेला, वर पत्रा पडला. भीमरावांनी आंघोळ केली, नवे कपडे पिशवीत घातले आणि शिरगावची रिक्षा धरली. जाताना त्यांनी खड्ड्याकडे वळूनही बघितलं नाही.

अकरापासून तिघं गच्चीवर. बारा वाजले, साडेबारा वाजले. एक मांजर आलं, पत्र्यावर पाय टेकवून भाजल्यासारखं उडालं आणि पळून गेलं. मांजराचा संशय मिटला. एक वाजून दहा मिनिटांनी महेशकाकांच्या गाळ्याचं मागचं दार उघडलं आणि स्वतः महेशकाका बाहेर आले. हातात स्टीलचा डबा.

मैत्रेयीला आधी वाटलं, ते ओट्यावर बसून जेवणार. काकांनी पायाने पत्रा सरकवला, खुरपं घेतलं, राख बाजूला केली आणि डबा गळ्यापर्यंत आत रोवला. इतक्या सराईतपणे, की हे रोजचंच आहे हे कळायला डोळे असले तरी पुरे. त्यांच्यामागून ग्राइंडरवाला मुकेशदादा आला. मग जाळीवाले दोघं. मग आणखी तिघं. सात माणसं, सात डबे. टपरीवाला सगळ्या गल्लीचे डबे आपल्या शेगडीवर गरम करून द्यायचा. टपरी गेल्यावर गरम जागा उरली ती एकच.

तिघांनी जीव तोडून ओरडायला सुरुवात केली. खाली एका गाळ्यात ग्राइंडर चालू होता. गच्चीवरून केलेल्या आरडाओरड्यातलं एक अक्षर खाली पोचलं नाही. मुकेशदादाने तर वर बघून हात हलवला.

चार जिने, रस्ता, गटारावरची फळी, महेशकाकांचा गाळा. मैत्रेयी अंगणात पोचली ती धापा टाकतच. तिने खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"अगं, काय लोड घेतेस?" महेशकाका हसत म्हणाले. "राख आहे ती, भट्टी नाय. ब्लॉकला हात पण लावत नाय आम्ही. जेवून झालं की परत सगळं लेव्हल करून ठेवतो."

"काका, ब्लॉक गार होतोय," ती कशीबशी म्हणाली. "एका बाजूने. म्हणूनच तडकतात सगळे. पप्पांचा हात नाही बिघडलेला. हे डबे."

महेशकाकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. चाळीस वर्षं लोखंडात घालवलेला माणूस. एकदा बोट ठेवल्यावर न कळण्याएवढे ते मठ्ठ नव्हते. पण मग घाबरून त्यांनी जे केलं ते करायला नको होतं. त्यांनी सातही डबे भराभर उपटून काढले. राखेत सात भोकं पडली, कडा आत ढासळल्या आणि ब्लॉकची एक अख्खी बाजू उघडी पडली. तोंडावर धग आली. वरून दुपारचा वारा वाहत होता.

आता नुसती वरची राख लोटून चालणार नव्हतं. ती गार होती. गार राख गरम बिडाच्या अंगाला भिडली की उलट घात. मैत्रेयीने आधी पत्रा ओढून भोकांवर टाकला. गरम काहीतरी हवं होतं, कोरडं, भरपूर आणि आत्ता. तिला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. हे सगळं तिने गच्चीवर बसून होऊ दिलं होतं.

"वाळू," जितेश म्हणाला. "पुतळामावशीची."

गल्लीच्या तोंडाशी पुतळाबाईंची चणे-फुटाण्यांची भट्टी होती. मोठ्या कढईत वाळू दिवसभर तापत असायची आणि त्यात चणे उडत असायचे. ब्लॉकइतकी गरम नाही, पण गार राखेपेक्षा शंभर पटीने बरी. जितेश वाक्य पूर्ण करून तिकडे सुटलासुद्धा.

पण एका घमेल्यात वाळू येणार किती? सात-आठ घमेली तरी हवीत, आणि एकदम हवीत. मोठी माणसं सात होती. ती काय करत होती? दोघं एकमेकांना सांगत होते की आपण तर आधीच म्हणत होतो. एक जण कोणाचा डबा पहिला गेला यावर वाद घालत होता. मुकेशदादा म्हणाला, बाद में बघू, पहिले जेवून घेऊ, नाहीतर भाजी गार होते. जे व्हायचं ते होऊन गेलं, असंही कोणीतरी म्हणालं, आणि दोघांनी माना डोलावल्या.

इतका वेळ किर्तीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिने सातही डबे एका गोणपाटावर ओढून घेतले होते, ते गोणपाटात गुंडाळले होते आणि ती त्या गाठोड्यावर मांडी ठोकून बसली होती.

"वाळू आणा," ती म्हणाली. "मग डबा."

तिला कोणी उचलून बाजूला ठेवलं असतं तर विषय संपला असता. पण पाचवीतल्या मुलीला उचलायला कोणी पुढे होईना, कारण तिने आधीच सांगून टाकलं होतं की हात लावलात तर किंचाळेन. आणि किर्तीची किंचाळी गल्लीला माहीत होती. सात पोटांत भूक होती. सगळ्यांत आधी महेशकाकांनी घमेलं उचललं आणि बाकीच्यांना अशा काही शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येत नाहीत. सगळी वरात पळत सुटली.

पुतळाबाई कढईला हात लावू देणाऱ्या नव्हेत. पण जितेशने त्यांना काय सांगितलं कोण जाणे; माणसं पोचली तेव्हा त्या स्वतः झाऱ्याने चणे बाजूला काढून वाळू उपसत होत्या आणि हळू चाललेल्यांना रागावत होत्या. हाताला गोणपाट गुंडाळलेली माणसं घमेली आणत राहिली. मैत्रेयी खड्ड्याशी गुडघ्यांवर बसून एकेका भोकात वाळू सोडत होती, ब्लॉकच्या अंगाला लागून, सावकाश. भुवया करपल्याचा वास आला. एक, दोन, तीन. चौथं घमेलं रिकामं होत असताना तो आवाज आला.

टिंग.

बारीकसा, काचेवर नखाने वाजवल्यासारखा. सगळे जागच्या जागी थांबले. बीड तडकताना नेमका असाच आवाज होतो. अंगणात ज्याला हे माहीत नव्हतं असा एकही माणूस नव्हता. महेशकाका घमेलं हातात धरून खाली बसले.

मैत्रेयीने पाचवं घमेलं ओतलं. मग सहावं, सातवं. मग वर राख पसरली, पत्रा टाकला, पत्र्यावर गोणपाटं टाकली. थांबून काय करायचं होतं? किर्तीने गाठोडं सोडून डबे परत केले. कोणी जेवलं नाही. माना खाली घालून डबे उचलून सगळे गेले.

संध्याकाळी भीमराव परत आले तेव्हा मैत्रेयीने त्यांना सगळं सांगितलं. डबे सांगितले, गच्ची सांगितली, टिंग सांगितला. गच्चीवर बसायचं तिनेच ठरवलं होतं हेही सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ऐकून घेतलं, खड्ड्यापाशी जाऊन पत्र्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, बुधवारपर्यंत उघडता येत नाही, आणि जेवायला चला.

मंगळवार कसा गेला हे त्या तिघांनाच ठाऊक. भीमराव शिरगावला ट्रेनिंगला गेले. मुलं सकाळपासून खड्ड्याशेजारी बसली, यावेळी अगदी शेजारी. मैत्रेयी मधूनमधून पत्र्याला कान लावायची. दुपारी महेशकाका आले आणि त्यांच्याजवळ बसून गार भाकरी गार भाजीशी खाऊ लागले. मग, कोणी विचारलं नसताना, ते म्हणाले की भीमाचे डोळे गेले हे त्यांनी अंबरनाथच्या दोन गॅरेजवाल्यांनाही सांगितलं होतं. वाईट वाटत होतं म्हणून सांगितलं, म्हणाले. एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. तो अर्धा भरलेला होता.

बुधवारी अकरा वाजता अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भीमरावांनी राख काढली, वाळू काढली. कोमट ब्लॉक दोघांनी धरून वर घेतला. ब्रशने घासला, डिझेल लावलं, पुसलं, खडू चोळला. यावेळी दहा मिनिटं कोणी बोलू नका असं सांगावं लागलं नाही.

चौथं मिनिट गेलं. सहाव्या मिनिटाला खालच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसला. तो पसरू लागला. मैत्रेयीने डोळे मिटून घेतले. आता सगळं संपलं, आणि ते आपण संपवलं, एवढंच तिला कळत होतं. किर्तीने तिचा हात घट्ट धरला.

भीमरावांनी वाकून ठिपक्यावर बोट फिरवलं, वास घेतला, आणि बोट बोल्टच्या भोकात घातलं. भोकात डिझेलचा थेंब साचला होता, तोच कडेने झिरपत होता. त्यांनी भोक चिंधीने कोरडं केलं, ती जागा पुन्हा पुसली आणि नव्याने खडू लावला. पुन्हा दहा मिनिटं. ती पहिल्या दहांपेक्षा मोठी होती. खडू पांढरा होता, पांढराच राहिला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे भीमरावांकडे बघत होते आणि भीमराव स्वतःच्या हातांकडे.

"मग तो आवाज कसला होता?" जितेशने विचारलं.

गर्दीत मागे उभ्या असलेल्या मुकेशदादाने घसा साफ केला. त्याच्या डब्यावर लोणच्याची काचेची छोटी बरणी असायची. सोमवारी तीही राखेत गेली होती आणि गरमागरम गोणपाटात आली होती. घरी जाऊन बघतो तर बरणीचं बूड तडकून निसटलेलं, पिशवी तेलाने माखलेली. हे दोन दिवसांत का सांगितलं नाहीस, असं सगळ्या गल्लीने त्याला एका सुरात विचारलं. मला कोणी विचारलंच नाही, तो म्हणाला. पुतळाबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

महेशकाका पुढे आले. अंबरनाथला आपण आजच जातो, म्हणाले, ज्यांचे ज्यांचे ब्लॉक तडकले त्या प्रत्येकाकडे जाऊन सांगतो की भीमाचा हात नाही, आमचे डबे.

"तुम्ही डबे ठेवलेत, ती तुमची चूक," भीमराव म्हणाले. "डोळे गेले म्हणालात तुम्ही, आणि मी हातच गेला असं मानलं. ती माझी." मग ते महेशकाकांकडे वळले. "मी संपलो असं वाटलं होतं रे महेश."

त्यांनी तिथेच उभं राहून शिरगावला फोन लावला आणि आपण येत नसल्याचं सांगितलं. पुतळाबाईंनीही त्याच वेळी जाहीर केलं की उद्यापासून सगळ्या गल्लीचे डबे त्यांच्या भट्टीच्या कडेला गरम होतील. पण काचेची बरणी आणणाऱ्याला उपाशी ठेवलं जाईल.

शनिवारी ब्लॉक टेम्पोत चढला आणि मुलांचा बारवीचा बेत सायकलीऐवजी टेम्पोतून पार पडला. पुऱ्या कोणीच आणल्या नव्हत्या. जनाबाई गिरणीच्या दारात उभ्याच होत्या. सगळं जोडायला दुपार झाली. पाड्यातली माणसं भाताची पोती घेऊन बाहेर बसली होती. भीमरावांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनाने काळा धूर सोडला आणि धडधड सुरू झाली. जनाबाईंनी ब्लॉकला हात लावून बघितला. आत फिरणाऱ्या पाण्याचा एक थेंब गळत नव्हता.

ब्लॉक वाचला कसा, हे भीमरावांनी त्यांना अगदी सविस्तर सांगितलं. फोडणीच्या वासापासून गाठोड्यावरच्या मांडीपर्यंत. किर्तीने मध्येच दोनदा दुरुस्ती केली. जनाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मग हसता हसता त्यांनी मैत्रेयीच्या करपलेल्या भुवयांवरून बोट फिरवलं.

"काय गो पोरी, येवढीशी तू, नि सहा पाड्यांचा भात वाचवलास. आता पुढल्या खेपेला इंजन बिगडला तर मी तुलाच बोलवनार."

"पप्पांना बोलवा," मैत्रेयी म्हणाली. "त्याला हात त्यांचाच लागतो."

भीमराव काहीतरी बोलले, पण इंजिनाच्या आवाजात ते कोणालाच ऐकू आलं नाही. मग ते बाहेर जाऊन बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. तुसाची धूळ गेली, म्हणाले. जनाबाईंनी मान डोलावली आणि गिरणीतून पडलेल्या पहिल्या गरम तांदळाने तिन्ही मुलांच्या ओंजळी भरल्या.